दोरी पुरत नाही

त्या वर्षांत दोहात जो तो इंग्रजी शिकत होता आणि मला इंग्रजी शिकवायचा वीट आला होता. वर्ल्ड कपला अजून अवकाश होता, पण शहराने आतापासूनच पाहुण्यांसाठी अंगण झाडायला घेतलं होतं. हॉटेलांतले सफाईवाले, मॉलचे गार्ड, बसचे ड्रायव्हर, सगळ्यांना त्यांच्या कंपन्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये धाडायच्या. बारा तासांची ड्यूटी करून आलेली माणसं संध्याकाळी बाकांवर बसायची आणि मी त्यांच्याकडून घोकून घ्यायचो: वेलकम सर, धिस वे प्लीज, एन्जॉय द मॅच. जांभई दाबत माणूस ‘एन्जॉय’ कसं म्हणतो हे मी रोज चार बॅचमध्ये ऐकायचो.

एकदा एका गार्डाने विचारलं, समोरच्याने उलट काही विचारलं आणि आपल्याला शब्दच आला नाही तर काय करायचं? मी म्हणालो, घाबरायचं नाही. जेवढं येतं तेवढं छोटं वाक्य बोलायचं आणि हसायचं. अडलं तर छोटं बोला, हे मी फळ्याच्या वर कायमचं लिहूनच ठेवलं होतं. शिष्य खूश, त्यांच्या कंपन्या खूश. मास्तर म्हणून मी काही वाईट नव्हतो, पण हे शिकवणं नव्हे, रंगरंगोटी आहे, हे मला कळत होतं आणि त्याची चीड घरी बायकोवर निघायची.

सुटकेचा रस्ता म्हणून मी जपानी धरलं होतं. मूळचा नाशिकचा असलो तरी कॉलेज पुण्यात झालं, आणि पुण्यात निम्मे लोक कधी ना कधी जपानीचा क्लास लावतात तसा मीही लावला आणि अर्ध्यात सोडला. चाळिशीच्या तोंडाशी दोहात वह्या पुन्हा उघडल्या. अल हिलाल भागात एका व्हिलाचे तुकडे करून भाड्याने दिले होते, त्यातल्या दोन खोल्या आमच्या. पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी मोठ्याने वाक्यं म्हणत बसायचो. मुलगी शाळेसाठी डबा भरता भरता म्हणायची, “बाबा, इट साउंड्स लाइक मराठी ओन्ली.” पोरगी मराठीत उत्तर द्यायची नाही, पण तिचा कान तयार होता. वाक्याची ठेवण खरंच आपल्यासारखी, क्रियापद शेवटी. इंग्रजीतून जपानीत जाताना दमछाक व्हायची, मराठीतून गेलं की पायवाट सापडायची.

इन्स्टिट्यूटमध्ये इंग्रजी संभाषणाला एक जपानी साहेब तीन महिने येत होते. साठीचे, बारीक चणीचे, शर्टाच्या खिशात छोटी वही. अल थुमामाच्या पलीकडे अख्ख्या वस्तीला थंड पाणी पुरवणारा एक प्लँट त्यांची कंपनी बांधत होती आणि ते त्या साइटचे प्रमुख होते. मला जपानी थोडंफार येतं हे कळल्यावर त्यांनी इंग्रजी बाजूलाच ठेवलं. मला ते ‘सेन्सेई’ म्हणत, म्हणजे गुरुजी. शेवटच्या तासाला म्हणाले, साइटवर दीडशे हिंदी बोलणारी माणसं आहेत, आमच्यात आणि त्यांच्यात फोरमनचं मोडकं इंग्रजी आहे. तुम्ही दुभाषा म्हणून याल का? आधी दोन सकाळी येऊन बघा, मग ठरवू.

मी घरी नाचतच गेलो. पण त्या काळी नोकरी बदलायची तर जुन्या मालकाचं ना-हरकत पत्र लागायचं. एनओसी हा शब्द आमच्याकडे देवाच्या नावापेक्षा जास्त वेळा उच्चारला जायचा. माझा करार महिनाअखेर संपत होता. इन्स्टिट्यूटच्या मॅनेजरांनी रविवारी केबिनमध्ये बोलावून दोन कागद समोर ठेवले. एक दोन वर्षांचा नवा करार आणि दुसरी एनओसी. ते म्हणाले, एक उचल, पण एनओसी उचललीस तर महिनाअखेरनंतर तुझ्या जागी कोण ते उद्याच ठरवणार, आणि तिकडे नाही जमलं म्हणून परत आलास तर इथे दार बंद.

जपानी कंपनीची नोकरी अजून हातात नव्हती. ती मिळाली नाही तर महिनाअखेर व्हिसा खलास, आणि माझ्या व्हिसावर बायको आणि मुलगी. मुलीची दहावी. सगळा संसार दोन सकाळींवर टांगणं वेडेपणाचं होतं. तरी मी एनओसी उचलली. घरी बायकोने विचारलं, तिकडचं पक्कं झालं ना? मी म्हणालो, हो, पक्कं. तिने देवापुढे साखर ठेवली आणि मला त्या साखरेकडे बघवेना.

मंगळवारी पहाटे पाचला साइटवर पोचलो. उन्हाळा होता, दुपारी उन्हातलं काम बंद असायचं, म्हणून दिवस अंधारातच सुरू व्हायचा. माझ्या डोक्यावर पाहुण्याचं पांढरं हेल्मेट. दीडशे माणसं रांगेत उभी. लाउडस्पीकरवर पियानो वाजायला लागला आणि सगळे एका तालात हात वर करून, वाकून, उड्या मारून कवायत करायला लागले. बिहारी, नेपाळी, तेलुगू माणसं, आणि त्यांच्यासमोर साठीचे साहेब सगळ्यांत नीट वाकत होते. मला हसू आलं, मग कुणीच हसत नाही असं दिसल्यावर मीही हात वर केले.

कवायत झाल्यावर साहेबांनी एक पांढरा फलक पुढे ओढला. तो कोरा होता. जपानी साइटवर एक रीत असते: अपघात झाला नाही, पण थोडक्यात टळला, काळजात धस्स झालं, असं काहीही घडलं तर दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर सांगायचं. सांगणाऱ्याला शिक्षा नाही. उलट त्याचे आभार मानायचे, फलकावर लिहायचं आणि कारण दुरुस्त करायचं. साहेबांनी विचारलं, काल असं काही झालं का? मी हिंदीत सांगितलं. दीडशे माणसं गप्प. फोरमन अभिमानाने म्हणाला, “सर, झीरो. एव्हरी डे झीरो.” तो उत्तरेकडचा, गडी उंचापुरा, सगळी मजुरांची फौज त्याच्या तंत्राने चालायची. साहेब नंतर मला म्हणाले, आठ महिन्यांत या फलकावर एक ओळ नाही, आणि मला त्यामुळेच झोप लागत नाही.

चहाच्या वेळी एक माणूस माझ्याजवळ आला. पन्नाशीचा, काळा, सडपातळ. माझ्या हिंदीतला मराठी हेल त्याने ओळखला होता. नांदेडकडचा, पहाड बांधणारा, म्हणजे उंच कामासाठी नळ्यांचे मचाण उभे करणारा. पडू नये म्हणून कमरेला पट्टा, पट्ट्याला दोरी आणि दोरीच्या टोकाला नळीत अडकवायचा हुक. बरवा अल बराहाच्या कॅम्पवर राहायचा, चार वर्षं घरी गेला नव्हता. मी मास्तर आहे कळल्यावर मला गुरुजी म्हणायला लागला. मी त्याला मामा म्हटलं. त्याने हळूच विचारलं, ते फलकाचं खरं आहे का? सांगितलं तर घरी धाडत नाहीत ना? मी छातीठोक सांगितलं, मामा, साहेब तसा माणूस नाही, बिनधास्त बोला. एका दिवसाच्या ओळखीवर मी ही हमी दिली. मला त्याच्याकडून बोलणं हवं होतं, कारण तो बोलला की माझं काम दिसणार होतं.

बुधवारी सकाळी साहेबांनी तोच प्रश्न विचारला. मी हिंदीत सांगितला आणि मामांनी हात वर केला. फोरमनची मान गर्रकन वळली. मामा पुढे आले, हेल्मेट सारखं केलं आणि माझ्याकडे बघून मराठीतच बोलायला लागले.

“गुरुजी, काल मी वरल्या पाइपापाशी काम करायलो होतो. त्या शेवटच्या कोपऱ्यापर्यंत पट्ट्याची दोरी पुरत नाही. म्हणून तिथं समदेच हुक सोडतेत. मीबी सोडला. तेवढ्यात हातातला क्लॅम्प निसटला, तो धरायला वाकलो आन् अर्धा बाहेर गेलो. नळी हाताला लागली म्हणून ऱ्हायलो. आजबी तिथंच काम आहे, ते जरा बघा म्हणावं.”

सगळे माझ्याकडे बघत होते. फोरमन माझ्या खांद्यापाशी येऊन पुटपुटला, “मास्टरजी, छोटा करके बोलना.” पण आज इतक्या वर्षांनी फोरमनवर ढकलून मला मोकळं होता येत नाही. खरं हे की कमरेच्या त्या पट्ट्याला जपानीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. दोरी पुरत नाही, हे कसं म्हणायचं ते सुचत नव्हतं. मचाणाला शब्द नव्हता. दीडशे माणसांसमोर, नोकरीच्या परीक्षेत, ‘मला येत नाही’ म्हणायची मला लाज वाटली. आणि मी काय केलं? जेवढं येत होतं तेवढं छोटं बोललो आणि हसलो.

मी म्हणालो, काल एक क्लॅम्प पडला, कुणाला लागलं नाही, हा यापुढे जपून काम करील. शेवटचं वाक्य तर मामा बोललेच नव्हते. ते माझ्यातल्या मास्तरने पदरचं घातलं होतं, निबंधाला शेवट हवा म्हणून.

साहेबांनी वहीत लिहिलं. क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग मामांसमोर जाऊन कमरेत वाकून त्यांचे आभार मानले आणि टाळ्या वाजवल्या. दीडशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

माणसं पांगली. साहेब माझ्याजवळ येऊन म्हणाले, आज पहिल्यांदा कुणीतरी बोललं, ते तुमच्यामुळे. उद्या कागदपत्रं घेऊन या. म्हणजे झालं होतं. बायकोला सांगितलेलं खोटं खरं झालं होतं. मला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नव्हतं. तेवढ्यात मामा कमरेचा पट्टा आवळत समोरून आले.

“दोरीचं सांगितलं ना, गुरुजी?”

“हो,” मी म्हणालो.

“मग बरं झालं,” ते म्हणाले आणि मचाणाकडे निघाले.

मी गेटकडे चालायला लागलो. गेट दोनशे पावलांवर असेल. पाहुण्याचं हेल्मेट तिथे जमा करायचं होतं. मी मनाशी हिशोब मांडत होतो: रोज तिथे लोक हुक सोडून काम करतात, आठ महिन्यांत कुणी पडलं नाही, आजच का पडेल? उद्या रुजू झालो की शब्द शोधून सगळं नीट सांगीन. एका दिवसाचा तर प्रश्न. मागे वळून बघितलं तर मामा दुसऱ्या मजल्यावर पोचले होते. एका हाताने नळी, दुसऱ्या हाताने हुक, पुढचं पाऊल, पुन्हा हुक. ते भराभर चढत होते, कारण गुरुजी हो म्हणाले होते.

मी धावलो. चाळिशीत, लोखंडी टोकाचे उसने बूट घालून, वाळूत धावलो. साहेब ऑफिसच्या कंटेनरबाहेर हातमोजे चढवत होते. माझं जपानी पार विसकटलं. मी म्हणालो, मी खोटं बोललो, सगळं सांगितलं नाही, मला शब्द येत नव्हता. मी माझा कमरेचा चामडी पट्टा दोन्ही हातांनी धरला, त्याला दोरी असल्याची खूण केली, हात लांबवला आणि म्हणालो, पोचत नाही. मग हुक सोडल्याची खूण केली. मग मचाणाकडे बोट दाखवलं.

साहेबांनी गळ्यातली शिट्टी फुंकली. ती शिट्टी म्हणजे सगळी साइट जागच्या जागी थांबायची. क्रेन थांबली, ड्रिल थांबली. मामा शेवटच्या कोपऱ्यावर होते. डावा हात नळीवर, उजव्या हातात मोकळा हुक, एक पाय फळीवर आणि दुसरा उचललेला. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “मामा, मागे सरका, हुक लावा!” दीडशे माणसांत ते मराठी फक्त त्यांनाच कळलं. त्यांनी पाय मागे घेतला. हुक अडकवला. तो अडकल्याचा आवाज खालपर्यंत येणं शक्य नव्हतं, तरी मला तो ऐकू आला असं आजही वाटतं.

त्यांना खाली आणल्यावर साहेब स्वतः वर चढले. दोरी लावून कोपऱ्यापर्यंत गेले आणि दोन हात अलीकडेच अडकले. त्यांनी टेपने ते अंतर मोजलं, वहीत लिहिलं, खाली आले. त्या बाजूचं काम बंद. फोरमन माझ्याजवळून जाताना हिंदीत म्हणाला, दो दिन का काम गया, मास्टरजी, शुक्रन. अरबीत आभार, तेही टोचून. मामा खाली वाळूवर पाणी पीत बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बाटलीचं झाकण लावलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी मला कंटेनरमध्ये बसवलं आणि मामांना मी ‘हो’ म्हणालो होतो तेही मी सांगून टाकलं. साहेब रागावले नाहीत, त्यानेच मी जास्त घाबरलो. ते म्हणाले, “तो माणूस बराच वेळ बोलला आणि तुम्ही तीनच वाक्यं बोललात, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तुम्ही शिक्षक आहात. शिक्षकाला थोडक्यात सांगता येत असेल, असं मला वाटलं.” मग त्यांनी मला त्या पट्ट्याचा शब्द सांगितला. हुकाला आणि दोरीला जपानी लोक इंग्रजीतलेच शब्द थोडे वाकवून वापरतात, हेही सांगितलं. जन्मभर इंग्रजी शिकवून खाल्लेल्या माणसाला ते दोन शब्द सुचले नव्हते. नोकरीचं ते काही बोलले नाहीत. उद्या सकाळी या, एवढंच म्हणाले.

घरी आलो तेव्हा बायको पोळ्या लाटत होती. मी तिला सगळं सांगितलं, एनओसीपासून. नोकरी कधीच पक्की नव्हती, आता तर बहुतेक गेलीच, महिनाअखेर काय होईल ठाऊक नाही. तिने गॅस बंद केला. लाटणं पोळपाटावर ठेवलं. मग म्हणाली, “म्हणजे मलाही तू छोटंच सांगितलंस.” मी मान खाली घातली. ती म्हणाली, नोकरी गेली तर परत जाऊ, नाशिक कुठे पळालं नाही, पण घरात तरी पूर्ण वाक्य बोलत जा. त्या संध्याकाळी वर्गात गेल्यावर मी फळ्यावरची ती ओळ पुसली. पोरं विचारत होती, काय झालं सर. मी त्यांना ‘आय डोन्ट नो, प्लीज टेल मी अगेन’ म्हणायला शिकवलं. हे वाक्य आमच्या पुस्तकात नव्हतं.

गुरुवारी पहाटे कवायत झाली आणि साहेबांनी फलक पुढे ओढला. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यावर अक्षरं होती, जपानीत, दोन परिच्छेद. साहेब मला म्हणाले, वाचा, एकही शब्द न गाळता. पहिल्या परिच्छेदात मामांची हकीकत होती: दोरी किती कमी पडते, हुक का सोडावा लागतो, चूक दोरीची, माणसाची नव्हे. ते मी हिंदीत वाचलं. दुसऱ्या परिच्छेदाशी येऊन माझी जीभ अडखळली. त्यात लिहिलं होतं: दुभाषाला शब्द आला नाही. त्याने विचारलं नाही. त्याने लहान करून सांगितलं आणि कामगाराला सांगितलं असल्याचं खोटं सांगितलं. कामगार पुन्हा त्या जागी चढला. अपघात थोडक्यात टळला. कारण: दुभाषा घाबरला होता. उपाय: शब्द आला नाही तर त्याने हात वर करायचा आणि सगळ्यांनी थांबायचं.

मी ते दीडशे माणसांसमोर वाचलं. माझ्याच तोंडून, माझ्याबद्दल, तिसऱ्या माणसासारखं. एकही शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर साहेब माझ्यासमोर आले आणि काल मामांसमोर वाकले होते तेवढेच वाकले. कुणी हसलं नाही. मग मागच्या रांगेतून एका नेपाळ्याने हात वर केला, त्याच्यानंतर दोन तेलुगू माणसांनी, आणि फोरमनने घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. त्या सकाळी मी पाच वेळा हात वर करून शब्द विचारला. पाचही वेळा सगळे थांबले. सभा संपल्यावर साहेबांनी माझी कागदपत्रं घेतली आणि रविवारी पाचला या म्हणाले.

मी तिथे प्लँट पुरा होईपर्यंत राहिलो. पुढे बरं काम मिळत गेलं, घर मोठं झालं, मुलगी शिकून मार्गी लागली. ते सगळं त्या गुरुवारपासून सुरू झालं, हे मी नाकारत नाही. पण सांगायचं आहे ते त्या रविवारचं. त्या कोपऱ्यासाठी पट्ट्यांना नवी, लांब दोरी बसवली होती. साहेबांनी ती मला कोपऱ्यापर्यंत नेऊन दाखवली आणि मी मामांना सांगितलं की मामा, आता दोरी पुरते, मी स्वतः बघितलं.

“बरं, गुरुजी,” ते म्हणाले. ते वर गेले, कोपऱ्याच्या अलीकडे थांबले, दोरी दोन्ही हातांनी दोनदा जोराने ओढली, टोकापर्यंत नेऊन बघितली आणि मगच पुढचं पाऊल टाकलं. माझ्याशी ते पुढेही गोडच वागले, गावाकडून आणलेला तिळाचा लाडू एकदा मुद्दाम माझ्यासाठी ठेवला. पण प्लँट पुरा होईपर्यंत, मी काहीही सांगितलं तरी, ते आधी दोरी ओढून बघायचे.